मागचा स्टॅबिलायझर बार जाड करताना: बार नव्हे, ब्रॅकेट तपासा

प्रश्न थोडक्यात असा: २००९ ची होंडा सिव्हिक, सस्पेन्शन सगळं कंपनीचं. ताम्हिणी आणि वरंधाच्या वळणांत स्टिअरिंग फिरवूनही गाडीचं नाक बाहेर जातं. दुकानदार मागच्या बाजूचा २२ मिमी जाडीचा स्टॅबिलायझर बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी, वळणात गाडीचं झुकणं आवरणारी पोलादी दांडी) देतोय आणि गॅरेजवाला म्हणतो अर्ध्या तासाचं काम आहे. बसवावा का, आणि बसवताना काय सांभाळावं?

बसवता येतो, पण अर्ध्या तासात नाही. नीट करायचं तर पहिल्या वेळेला दोन-तीन तास धरा. तेही बोल्ट गंजलेले नसतील तर. आणि बार मागवण्याआधी थोडं थांबा, कारण नाक बाहेर जाण्याची निम्मी कारणं बारशी संबंधित नसतात.

आधी पुढचे टायर बघा. साइडवॉलवर चार आकडी तारीख असते. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. टायर पाच-सहा वर्षांचे झाले की खाच शिल्लक असली तरी रबर कडक झालेलं असतं. हवा दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेली आहे तेवढीच, टायर थंड असताना मोजून. लोअर आर्मचे बुश (सांध्यातली रबरी अस्तरं) फाटलेत का, अलाइनमेंटमध्ये टो (चाकं आत किंवा बाहेर वळलेली असणं) किती आहे, दोन्ही बाजूंचा कॅम्बर (चाकाचा उभा तिरकेपणा) सारखा आहे का, हे पाहून घ्या. झिजलेल्या पुढच्या टायरवर मागे जाड बार टाकला तर गाडी वळायला लागेल, पण पुढची पकड वाढल्यामुळे नव्हे. मागची पकड तुम्ही पुढच्या पातळीला खाली आणलेली असेल.

हे नीट समजून घेण्यासारखं आहे. वळणात आतल्या चाकांवरचं वजन बाहेरच्या चाकांवर सरकतं. एकूण किती सरकायचं ते गाडीच्या गुरुत्वमध्याची उंची, चाकांमधलं अंतर, वळणाची त्रिज्या आणि वेग ठरवतात. बार बदलून त्या बेरजेत जवळजवळ काही फरक पडत नाही. बार ठरवतो ते वाटप: त्या बेरजेतला किती हिस्सा पुढच्या जोडीने सोसायचा आणि किती मागच्या. टायरवरचं वजन दुप्पट झालं तरी पकड दुप्पट होत नाही, त्याहून कमी वाढते. म्हणून ज्या जोडीत वजन जास्त सरकतं त्या जोडीची एकूण पकड घटते. मागचा बार जाड केला की मागची जोडी जास्त हिस्सा घेते, पुढचं आतलं चाक जमिनीला जास्त दाबून राहतं, नाक वळतं, आणि वळणातून बाहेर पडताना पुढचं आतलं चाक घसरणंही कमी होतं. फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीत हा बदल सुखावतो. पण ओल्या रस्त्यावर वळणाच्या मध्यावर घाबरून ॲक्सिलरेटर सोडला, की वजन पुढे झुकतं आणि आधीच पकड घटलेलं मागचं टोक सुटतं. कंपनीने मुद्दाम ठेवलेलं अंडरस्टीअर, म्हणजे नाक बाहेर जाण्याचा स्वभाव, या एका क्षणासाठी असतं.

आता जाडी. बारचा पिळाविरुद्धचा ताठरपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. १६ मिमीच्या जागी १९ मिमी टाकला तर फरक दिसायला तीन मिलिमीटर, पण ताठरपणा जवळजवळ दुप्पट. १६ वरून २२ वर गेलात तर साडेतीन पटींहून जास्त. त्यामुळे ‘२२ मिमी घ्या’ या सल्ल्याला तुमचा मूळ बार किती जाड आहे हे कळल्याशिवाय काहीच अर्थ नाही. व्हर्नियर घेऊन गाडीखाली जा आणि मधल्या सरळ भागावर, रंगाचे फुगे टाळून, दोन-तीन ठिकाणी मोजा. पहिल्या बदलात ताठरपणा दुपटीच्या पुढे नेऊ नये असं माझं ठाम मत आहे. रस्त्यावरच्या गाडीला त्याहून जास्त क्वचितच लागतं.

नवा बार पोकळ असेल तर हिशोब वेगळा. २२ मिमीचा, ३ मिमी भिंतीचा पोकळ बार त्याच जाडीच्या भरीव बारच्या साधारण ७२ टक्के ताठर असतो, म्हणजे २०.३ मिमीच्या भरीव बारइतका. वजन मात्र निम्म्याहून थोडं कमी. विकणारा भिंतीची जाडी सांगू शकत नसेल तर पुढे जाऊ नका. टोकाला दोन-तीन भोकं असलेला बार मिळाला तर तोच घ्या. आतलं भोक वापरून भुजेची (बारच्या टोकाकडच्या वळलेल्या भागाची) लांबी २०० वरून १८० मिमी झाली तर पिळाच्या हिशोबाने टोकाचा ताठरपणा सुमारे २३ टक्क्यांनी वाढतो. सुरुवात नेहमी सगळ्यात बाहेरच्या भोकापासून, म्हणजे लांब भुजेपासून.

बार ताठर झाला तरी तो ज्या ब्रॅकेटवर टांगलाय ते होतं तेवढंच राहतं, आणि गाड्या तिथेच फाटतात. नव्वदच्या दशकातल्या होंडाच्या सिव्हिक आणि इंटेग्रा या गाड्या हे याचं प्रसिद्ध उदाहरण. अमेरिकेत १९९९-२००० च्या सिव्हिक एसआयला मागे १३ मिमीचा बार होता. लोक त्या पिढीच्या सिव्हिकवर इंटेग्रा टाइप-आरचा २२ मिमीचा बार बसवायचे. दोन्ही भरीव धरले तर हा आठपटीचा बदल, आणि २२ चा पोकळ, ३ मिमी भिंतीचा धरला तरी जवळजवळ सहापट. ब्रॅकेटचे बोल्ट ज्या पत्र्यात होते तो पातळ. काही काळाने बोल्टभोवतीचा पत्रा चिरून ब्रॅकेट लोंबायला लागायचं. त्यावर तोडगा म्हणून आडव्या मेंबरला जाड पट्टीचा आधार देणारे तयार किट बाजारात आले, आणि जाणकार आजही त्या गाडीत बारच्या आधी ते किट लावतात. आठव्या पिढीची, म्हणजे भारतात २००६ साली आलेली सिव्हिक त्या रचनेची नाही, पण तपासणी तिलाही चुकत नाही.

ब्रॅकेटवर किती जोर येतो याचा अंदाज सोपा आहे. वळणात बारचं एक टोक वर ढकललं जातं, दुसरं खाली. टोकांमधलं अंतर ११०० मिमी आणि ब्रॅकेटमधलं ७०० असेल, तर टोकाला येणाऱ्या प्रत्येक १०० किलो जोराला ब्रॅकेटवर १५७ किलो येतात, एकावर वरच्या दिशेने आणि दुसऱ्यावर खाली खेचणारे. फाटते ती खाली खेचली जाणारी बाजू. वळणात हा जोर हळूहळू चढतो. पण पावसाळ्यानंतरच्या रस्त्यावर एकच चाक खड्ड्यात आपटतं तेव्हा बार क्षणात पिळला जातो आणि सगळ्यात मोठा धक्का तेव्हा बसतो. परदेशी रस्त्यांवर वर्षानुवर्षं टिकलेली जोडणी इथे लवकर ढिली होते ती यामुळे.

म्हणून गाडी वर घेऊन ब्रॅकेटभोवतीचा भाग तारेच्या ब्रशने साफ करा आणि टॉर्च तिरकी धरून बघा. वेल्डच्या कडेला केसासारखी रेघ, एका ओळीत सुटलेला रंग, लांबट झालेलं भोक, फुगलेला गंज, यातलं काहीही दिसलं तर बार परत डब्यात. रत्नागिरी, मालवण, गोवा, वसई अशा खाऱ्या हवेत वाढलेल्या गाडीचा सबफ्रेम (सस्पेन्शन धरणारा खालचा सांगाडा) पेचकसाच्या मुठीने ठोकून बघा. भरीव आवाजाऐवजी भसका आला तर आतून खाल्लेला आहे.

पत्रा शाबूत पण पातळ वाटत असेल तर ४ ते ५ मिमीची पट्टी दोन्ही बाजूंनी देऊन जोर पसरवता येतो. भाग पेटीसारखा पोकळ असेल तर आरपार बोल्ट नुसता आवळू नका, पेटी चेपते आणि थोड्या दिवसांत बोल्ट ढिला होतो. आत पेटीच्या रुंदीइतका नळीचा तुकडा घालून मग आवळा. कापलेल्या-भोकलेल्या कडांना प्रायमर आणि आतून कॅव्हिटी वॅक्स. बोल्ट ८.८ किंवा १०.९ ग्रेडचेच, डोक्यावर आकडा कोरलेला बघून. रस्त्याकडेच्या वेल्डरकडून सबफ्रेमवर टाके मारून घेणं मला मान्य नाही. टाक्याच्या कडेला पोलाद ठिसूळ होतं आणि नवी चीर तिथूनच सुरू होते.

ज्यांच्याकडे स्विफ्ट, पोलो, आय२० किंवा जॅझ आहे त्यांनी इथे थांबून गाडीखाली बघावं. यांच्या मागे दोन चाकं जोडणारा ट्विस्ट बीम असतो. पिळला जाणारा तो बीम म्हणजेच यांचा स्टॅबिलायझर. जास्तीचा बार त्या बीमला समांतर जोडला जातो, म्हणजे तो मूळ ताठरपणाच्या जागी येत नाही, त्यात भर घालतो, त्यामुळे वरची मिलिमीटरची तुलना इथे लागू नाही. इथे नियम दोनच आहेत. बीमला भोक पाडायचं नाही, बीमवर वेल्ड करायचं नाही. ट्रेलिंग आर्मवर (चाक धरणारा लांब आर्म) किंवा स्प्रिंगच्या बैठकीवर कंपनीचीच भोकं वापरणारं किट घ्या. क्लॅम्पचं असेल तर क्लॅम्प वेल्डच्या शिवणीवर बसता कामा नये, आणि बीमवरून जाणारा ब्रेक पाइप किंवा हँडब्रेकची केबल त्याखाली चिरडली जात नाही ना ते बोट घालून तपासा.

सिव्हिककडे परत. लागणारं सामान: लिफ्ट किंवा दोन टनी जॅकबरोबर दोन दणकट जॅक स्टँड, पुढच्या चाकांना ओटी (चाक अडवणारे ठोकळे), १२, १४ आणि १७ चे सॉकेट, लिंक रॉडचा (बारचं टोक सस्पेन्शनला जोडणारा छोटा दुवा) दांडा धरायला ५ किंवा ६ मिमीची ॲलन की, २० ते ११० न्यूटन-मीटरचा टॉर्क रेंच, गंज सोडवणारा स्प्रे आणि बुशचं ग्रीस. पॉलियुरेथेन बुशबरोबर सिलिकॉन ग्रीस येतं, तेच वापरा. रबरी बुशला साधं पेट्रोलियम ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावू नका, रबर फुगतं; साबणाचं पाणी पुरतं. नायलॉनचे लॉक नट नवेच घ्या, किंमत किरकोळ आहे.

आदल्या संध्याकाळी सगळ्या बोल्टांवर स्प्रे मारून ठेवा. ब्रॅकेटचे बोल्ट सबफ्रेमच्या आत वेल्ड केलेल्या नटमध्ये बसतात. गंजलेला बोल्ट जोरात फिरवला तर आतला नट सुटून बोल्टबरोबर गरगरत राहतो आणि दोन तासांचं काम दोन दिवसांवर जातं. पाव फेरा सोडा, थोडा परत आवळा, पुन्हा सोडा. एअर गन इथे नको. चारपैकी एक बोल्ट तुटला तर ‘तीनवर चालेल’ हा सल्ला ऐकू नका.

सायलेन्सर थंड होऊ द्या. सपाट जमिनीवर पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओटी लावा आणि गाडी गिअरमध्ये ठेवा. हँडब्रेकवर विसंबू नका. तो मागच्या चाकांना लागतो आणि मागची चाकं हवेत असणार आहेत. मागची दोन्ही चाकं एकत्र वर घ्या. एकच बाजू उचलली तर बार पिळलेला राहतो, आणि लिंकचा शेवटचा नट निघताच टोक हातावर आपटतं. दोन्ही चाकं सारखी लोंबकळत असली की लिंकवर जोर नसतो, बोल्ट बोटांनी सरकतो. गाडीखाली हात घालण्याआधी ती स्टँडवर टेकलेली असताना एकदा जोरात हलवून बघा.

ॲलन कीने दांडा धरून लिंकचे नट काढा, मग ब्रॅकेट. कुठला वॉशर कुठे होता त्याचा फोटो घ्या. बार बाहेर काढताना सायलेन्सर वाटेत आला तर त्याचे रबर साबणाच्या पाण्याने सोडवा, पण सायलेन्सर दोरीने टांगून ठेवा. त्याचं वजन फ्लेक्स पाइपवर आणि ऑक्सिजन सेन्सरच्या वायरवर येऊ देऊ नका. जुना आणि नवा बार जमिनीवर शेजारी ठेवा: ब्रॅकेटमधलं अंतर, भुजेची लांबी, टोकांची वळणं जुळली पाहिजेत. चुकीच्या मॉडेलचा बार इथेच पकडला जातो.

बुशचा आतला व्यास बारच्या जाडीला तंतोतंत हवा. २२ च्या बारवर २१ चा बुश दाबून बसवला तर बार फिरतच नाही. मग तो बार न राहता प्रत्येक चाकावरची जास्तीची स्प्रिंग होतो, आणि ब्रॅकेट फाटण्याचं हेही एक कारण आहे. बुशची चीर मूळ बुशची ज्या दिशेला होती त्याच दिशेला ठेवा. सगळे बोल्ट आधी हातानेच लावा, बार मधोमध आणा, दोन्ही टोकांपासून ट्रेलिंग आर्मपर्यंतचं अंतर पट्टीने मोजून सारखं करा, मग ब्रॅकेट आळीपाळीने आवळा. आता लिंक न जोडता एक चाचणी: बारचं टोक हाताने वर उचलून सोडा. ते स्वतःच्या वजनाने सावकाश खाली आलं पाहिजे. जिथल्या तिथे अडकलं तर ब्रॅकेटखाली अर्धा ते एक मिमीचा वॉशर द्या आणि पुन्हा बघा. हा एक मिनिट बहुतेक जण वाचवतात आणि नंतर महिनाभर ‘गाडी कडक झाली’ म्हणून फिरतात.

किती आवळायचं ते तुमच्या गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमधून घ्या. मॅन्युअल हाताशी नसेल तर ८.८ ग्रेडच्या एम८ बोल्टला साधारण २५ आणि एम१० ला ४५ न्यूटन-मीटर हा ढोबळ अंदाज. हे आकडे कोरड्या आट्यांचे आहेत. आट्यांना तेल लागलं असेल तर तेवढ्याच टॉर्कला बोल्ट बराच जास्त ताणला जातो. ब्रॅकेटच्या बोल्टला मध्यम ताकदीचं, निळं थ्रेडलॉकर (बोल्ट ढिला होऊ न देणारा गोंद) चालेल.

लिंक रॉडवर कंजुषी करू नका. ताठर बारबरोबर मूळच्या बारीक लिंक लवकर खडखडायला लागतात. गाडी चाकांवर उभी असताना लिंक आणि भुजा यांत काटकोनाच्या आसपास कोन हवा. मागचं चाक पूर्ण खाली लोंबतं तेव्हा लिंक आणि भुजा एका रेषेत येत असतील तर धोका आहे. पुढच्या खड्ड्याला लिंक उलटी वळू शकते आणि बार ब्रेकच्या होजवर जाऊन बसतो. लांबी बदलता येणाऱ्या लिंक असतील तर दोन्हींची लांबी आधी सारखी ठेवा. मग गाडी पिटवर किंवा रॅम्पवर चाकांवर उभी करून, चालकाच्या सीटवर माणूस बसवून, एका बाजूची लिंक अशी जुळवा की बोल्ट हाताने आत जाईल. ढकलावा लागला तर बार उभ्या गाडीतच पिळलेला आहे, आणि गाडी डावीकडे एका तऱ्हेने वळेल, उजवीकडे दुसऱ्या. एम१० च्या आट्या किमान १५ मिमी आत असाव्यात. लिंकला रबरी बुश असतील तर शेवटचं आवळणं याच स्थितीत. हवेत लोंबत असताना आवळलं तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. बॉल जॉइंटच्या लिंकला हा नियम नाही. चाकांचे नट १०८ न्यूटन-मीटर.

मोकळी जागा डोळ्यांनी नव्हे तर क्लेने तपासा. बार आणि सायलेन्सर, पेट्रोलची टाकी, ब्रेक होज, एबीएसची वायर यांच्यामध्ये मुलांच्या क्लेचे गोळे चिकटवा, मागे दोन माणसं बसवून स्पीड ब्रेकरवरून सावकाश जा आणि परत येऊन बघा. दहा-बारा मिलिमीटर उरले पाहिजेत.

पहिल्या दहा किलोमीटरनंतर गाडीखाली जाऊन बघा, शंभरनंतर टॉर्क रेंच लावा, पाचशेनंतर पुन्हा, आणि नंतर दर पावसाळ्याच्या आधी आणि नंतर. बारीक खड्ड्यांवर टकटक आली तर लिंकचा नट किंवा बॉल. सकाळी करकर आली तर कोरडं पॉलियुरेथेन. स्पीड ब्रेकरवर एकाच बाजूने मोठा ‘कट्ट’ आला तर बार सायलेन्सरला लागतोय किंवा ब्रॅकेट हलतंय; गाडी तिथेच उभी करून बघा, घरी जाऊन नव्हे.

चाचणी घाटात करू नका. कोरडं, मोकळं, बंदिस्त मैदान शोधा आणि परवानगी घ्या. आधी स्थिर वेगाने मोठ्या गोलात, मग वळणात ॲक्सिलरेटर हळूच सोडून, दर वेळी थोडा जास्त वेग घेऊन. मागचं टोक किती लवकर आणि किती झपाट्याने हलतं हे तिथे कळू द्या. पाच माणसं आणि सामान भरल्यावर मागचं वजन वाढतं आणि हा स्वभाव आणखी तीव्र होतो, हे गावी जाताना लक्षात असू द्या. दोन टायर नवे घेणार असाल तर ते मागे लावा, मग पुढच्या चाकांवर चालणारी गाडी असली तरी. जूनमध्ये बार परत लांब भुजेच्या भोकावर आणा. बार पूर्ण बंद करायचा असेल तर दोन्ही लिंक काढून बार घट्ट बांधा. एकच लिंक काढून गाडी चालवली तर सुटं टोक कुठेही आदळतं.

तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर: मूळ बार मोजा, त्याच्या दीड ते दोन पट ताठर, भोकांचा बार घ्या. २२ चा भरीव बार या हिशोबात बसत असेल तरच. टायर जुने असतील तर पैसे आधी तिकडे.

एक कागदाची गोष्ट. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ नोंदणीतला तपशील बदलेल असा फेरफार मालकाला करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मूळ बनावटीपासून फारकत घेणाऱ्या बदलांबाबत कडक भूमिका घेतली. बारची जाडी आरसीवर नसते, पण अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर गाडीखाली बघतो. बसवण्याआधी विमा कंपनीला लेखी कळवा आणि उत्तर जपून ठेवा. जुना बार, जुने ब्रॅकेट आणि बोल्ट पिशवीत भरून नाव लिहून माळ्यावर ठेवा. गाडी विकताना घेणारा ते मागतोच.